मुलांचा हर्निया: आधी जागा बघा, मग घाई ठरवा

अंघोळीनंतर अंग पुसताना किंवा डायपर बदलताना एखाद्या दिवशी लक्षात येतं. बाळ रडून लाल झालंय आणि बेंबी अंगठ्याच्या टोकासारखी वर आलीय. नाहीतर जांघेत एका बाजूला बोराएवढा गोळा उभा राहिलाय. बाळाला उचलून घेतलं, ते शांत झालं, की गोळा गायब. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "लहान आहे, आपोआप जाईल." दुसरा म्हणतो, "लगेच ऑपरेशन करून टाका." गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या हर्नियांबद्दल. बेंबीच्या हर्नियाला बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाट बघता येते. जांघेतल्या हर्नियाला ती परवडत नाही, आणि बाळ जितकं लहान तितकी कमी परवडते.

हा लेख असा गोळा पहिल्यांदाच पाहिलेल्या आई-बाबांसाठी आहे. लहान मुलं नुकतीच तपासू लागलेल्या डॉक्टर-नर्स मंडळींनाही यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

आधी एवढं समजून घ्या

पोटाची भिंत म्हणजे स्नायू आणि चिवट पडद्यांचे थर. त्यात एखादं छिद्र असेल आणि पोटातलं काही, म्हणजे आतडं, चरबी किंवा मुलींमध्ये अंडाशय, त्यातून कातडीखाली डोकावत असेल तर तो हर्निया. जुन्या मराठीत याला अंतर्गळ म्हणतात आणि शब्द अगदी नेमका आहे: आतलं बाहेर गळतं.

मोठ्या माणसांत हे बहुधा स्नायू सैल पडल्यामुळे होतं. मुलांचं तसं नसतं. जन्माच्या सुमारास बंद व्हायचं एक दार उघडं राहिलेलं असतं, एवढंच. अशी दोन दारं महत्त्वाची. पहिलं बेंबीचं. नाळेतल्या रक्तवाहिन्या तिथून जायच्या. जन्मानंतर तिथलं कडं हळूहळू आवळत जातं आणि हे काम पुढे काही वर्षं चालू राहू शकतं. दुसरं दार जांघेत. मुलाचं वृषण आधी पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि गर्भाच्या सातव्या ते नवव्या महिन्यात खाली अंडकोषाच्या पिशवीत उतरतं. त्याच्यासोबत पोटाच्या आतल्या पातळ अस्तराची एक नळीही खाली येते. ही नळी पुढे मिटून जायला हवी. ती मिटली नाही आणि तिच्यात आतडं शिरू लागलं की जांघेतला हर्निया झाला. मुलींमध्येही तशीच छोटी नळी असते, म्हणून त्यांनाही तो होतो, फक्त मुलांपेक्षा बराच कमी.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते जी आईला मुद्दाम सांगावी लागते: बाळ रडल्यामुळे हर्निया होत नाही. रडल्यावर पोटातला दाब वाढतो आणि आधीपासून असलेला हर्निया दिसतो. तुम्ही बाळाला रडू दिलं, नीट धरलं नाही, गरोदरपणात काही उचललं, यातल्या कशाचाही इथे संबंध नाही.

पहिली पायरी: नीट बघा आणि फोटो काढा

दवाखान्यात हमखास घडणारा प्रकार असा: घरी रोज दिसणारा गोळा डॉक्टरांसमोर दिसतच नाही. बाळ गाढ झोपलेलं असतं आणि आई-बाबा ओशाळून सांगत असतात की "काल खरंच होता हो." ओशाळायचं काही कारण नाही. हर्नियाचा स्वभावच तो. पण घरचा एक चांगला फोटो तपासणीइतकाच कामाला येतो.

गोळा दिसेल तेव्हा चांगल्या उजेडात फोटो घ्या. बेंबीपासून मांड्यांपर्यंतचा भाग एकाच चौकटीत यावा, म्हणजे गोळा नेमका कुठे आणि कोणत्या बाजूला ते कळतं. नुसत्या गोळ्याचा जवळून काढलेला फोटो फारसा उपयोगी नसतो. त्यात मांडी कुठली आणि पोट कुठलं हेच समजत नाही. फोनच्या समोरच्या कॅमेऱ्याने काढू नका, काही फोनमध्ये डावं-उजवं उलटं होतं. बाजू कागदावर लिहूनही ठेवा. आणि हा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तो तुमच्या फोनमध्ये राहू द्या आणि डॉक्टरांनाच दाखवा.

मूल मोठं असेल तर उभं करा, खोकायला सांगा, फुगा फुगवायला द्या, उड्या मारू द्या. झोपलेल्या अवस्थेत न दिसणारा फुगवटा उभं राहिल्यावर पटकन दिसतो.

सोबत चार गोष्टी टिपून ठेवा. गोळा केव्हा येतो आणि स्वतःहून जातो का. आला असताना बाळ नेहमीसारखं खेळतं की कळवळतं. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं. आणि मुलगा असेल तर दोन्ही वृषणं पिशवीत लागतात का. शेवटची गोष्ट अंघोळीच्या कोमट पाण्यात बघा. थंडीत आणि भीतीने वृषणं वर ओढली जातात.

गोळा पुन्हा पुन्हा दाबून आत ढकलण्याचा खेळ मात्र करू नका.

दुसरी पायरी: गोळा नेमका कुठे आहे?

बोटाने जागा दाखवता आली की निम्मं निदान झालं.

बेंबीतूनच, बरोबर मधोमध वर येतोय: बेंबीचा हर्निया. मुदतीआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत तो जास्त दिसतो. डाउन सिंड्रोम किंवा जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेल्या मुलांतही दिसतो, त्यामुळे जीभ मोठी, बाळ सुस्त, कावीळ रेंगाळलेली, बद्धकोष्ठ असं सोबत असेल तर डॉक्टर थायरॉइड तपासायला सांगतील.

बेंबीच्या जरासा वर, आणि फुगल्यावर बेंबी खालच्या दिशेला वाकडी होते: हा बेंबीलगतचा हर्निया. दिसायला पहिल्यासारखाच, पण वागायला वेगळा. तो सहसा आपोआप मिटत नाही.

छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या मधल्या रेषेवर वाटाण्याएवढी गाठ: वरच्या पोटाचा हर्निया. यात बहुधा आतडं नसतं, अस्तराबाहेरच्या चरबीचा छोटा तुकडा छिद्रातून आलेला असतो. गाठ छोटी असली तरी ती चिमटली की दुखते, आणि मूल "पोट दुखतंय" म्हणून बोट त्याच जागी ठेवतं.

त्याच रेषेवर, पण गाठ नव्हे तर लांबच्या लांब उभा उंचवटा, बाळ उठायला बघतं तेव्हा दिसतो आणि कधीच दुखत नाही: हा हर्नियाच नाही. पोटाचे दोन उभे स्नायू मधे थोडे अलग असतात. मूल मोठं होताना ते जवळ येतात, ऑपरेशन लागत नाही. या उंचवट्यापायी किती आई-बाबांची झोप उडते!

जांघेच्या घडीच्या वर, किंवा तिथून खाली अंडकोषापर्यंत (मुलीत योनीच्या बाजूच्या ओठापर्यंत) गेलेला फुगवटा: जांघेतला हर्निया. मुलांमध्ये ऑपरेशन लागणारा सगळ्यात नेहमीचा हर्निया हाच, म्हणून पुढचा बराच लेख त्याच्यावर आहे.

जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला असलेला हर्निया मुलांत फार क्वचित होतो आणि म्हणूनच चुकतो. जांघेच्या हर्नियाचं ऑपरेशन होऊनही त्याच बाजूला गोळा दिसत राहिला तर याची आठवण ठेवायला हवी. पोटाच्या कडेला, कमरेमागे किंवा आधीच्या ऑपरेशनच्या व्रणातून येणारे फुगवटे आणखी विरळ. ते दिसले तर थेट बालशल्यचिकित्सकांकडे, म्हणजे फक्त मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे जा. आणि आतडी जन्मतःच पोटाबाहेर असणं हा या लेखातला विषयच नव्हे. तो पहिल्या तासापासूनचा वेगळा आजार आहे.

तिसरी पायरी: हे लगेच इस्पितळात नेण्यासारखं आहे का?

हा भाग दोनदा वाचा.

हर्निया अडकतो म्हणजे आतडं छिद्रातून बाहेर आलं आणि परत आत जाईना. छिद्राच्या कड्यात ते आवळलं जातं, सुजतं, सुजल्यामुळे आणखी आवळतं. असंच राहिलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं सडू लागू शकतं. मुलाच्या वृषणाचाही रक्तपुरवठा त्याच अरुंद वाटेने जातो, त्यामुळे तेही धोक्यात येतं.

दिसतं ते असं: नेहमी आत जाणारा गोळा आज जात नाही. तो घट्ट, दुखरा लागतो, हात लावला की बाळ किंचाळतं. काही केल्या रडणं थांबत नाही. मग उलट्या, आणि पुढे त्या हिरव्या होतात. पोट फुगतं, शी आणि वारा बंद होतो. गोळ्यावरची कातडी लाल किंवा निळसर दिसू लागते. सगळ्यात फसवी अवस्था शेवटची: बाळ रडायचं थांबून मलूल पडतं आणि घरच्यांना वाटतं बरं वाटतंय.

यातलं पहिलं लक्षण दिसताच निघायचं, हिरव्या उलटीची वाट बघत बसायचं नाही. जाताना काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. बाळाला मांडीवर उताणं, शांत ठेवा. जोर लावून गोळा आत ढकलू नका. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया जिथे होतात अशाच इस्पितळात पोचता आलं तर मधला एक टप्पा वाचतो.

तिथे पुढे काय होतं? आतडं मेल्याची चिन्हं नसतील तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवायच गोळा आत घालता येतो. वेदनाशामक औषध देऊन बाळ शांत केलं जातं, पायाकडची बाजू उंच करतात. मग डॉक्टर एका हाताच्या बोटांनी छिद्राचं तोंड सरळ धरतात आणि दुसऱ्या हाताने गोळ्यावर हलका, सलग दाब देत राहतात, कधीकधी काही मिनिटं. आत जाताना गुडगुड जाणवते. हे हाताचं कसब आहे, जोराचं काम नाही. गोळा आत गेला म्हणून "झालं, चला घरी" असं मात्र नसतं. सूज उतरायला एक-दोन दिवस देऊन बहुतेक ठिकाणी त्याच भरतीत ऑपरेशन करतात. गोळा गेलाच नाही, किंवा कातडी काळवंडलेली, पोट कडक, बाळ अत्यवस्थ असेल, तर दाबून बघण्यात वेळ न घालवता थेट ऑपरेशन.

बेंबीचा हर्नियाही अडकू शकतो, पण फार क्वचित. नियम तोच: घट्ट, दुखरा, आत न जाणारा, सोबत उलटी, तर निघा.

जांघेत गोळा, पण हर्निया नसेल तर?

पुष्कळदा तो हायड्रोसील असतो, म्हणजे त्याच न मिटलेल्या नळीत किंवा वृषणाभोवती साठलेलं पाणी. हायड्रोसील मऊ असतो, दुखत नाही, आणि वरच्या बाजूला बोट ठेवलं तर गोळा जांघेपर्यंत गेलेला नाही हे जाणवतं. सकाळी लहान आणि संध्याकाळी मोठा दिसत असेल तर नळी पोटाशी जोडलेली आहे. नवजात बाळांतले बहुतेक हायड्रोसील पहिल्या एक-दोन वर्षांत विरून जातात, म्हणून थांबता येतं. त्यात सुई घालून पाणी काढायचं नाही; पाणी पुन्हा भरतं आणि जंतुसंसर्ग वर होतो.

अंधारात टॉर्च लावून गोळा उजळला की "पाणीच आहे" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तान्ह्या बाळात ही परीक्षा भरवशाची नाही. बाळाच्या आतड्याची भिंत इतकी पातळ असते की हवा-पाण्याने भरलेलं आतडंही तसंच उजळतं.

जांघेत सुजलेली लसीकागाठ, वर सरकलेलं वृषण, न उतरलेलं वृषण हेही हर्नियासारखे दिसतात. एक मात्र वेगळं काढून ठेवा: अंडकोषात अचानक सुरू झालेली तीव्र कळ. वृषणाला पीळ बसलेला असू शकतो आणि तिथेही हिशेब तासांचाच असतो.

मुलींबद्दल थोडं सविस्तर. मुलीच्या जांघेत बदामाएवढी, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी, आत न जाणारी गाठ असेल तर ते बहुधा बाहेर आलेलं अंडाशय असतं. बाळ मजेत असतं, म्हणून घरचे आणि कधी डॉक्टरही निर्धास्त राहतात. पण त्या अंडाशयाला पीळ बसू शकतो. अशी गाठ काही दिवसांतच दाखवून तारीख ठरवून घ्यावी, आणि ती दुखू-सुजू लागली तर त्याच दिवशी. ती दाबून आत घालायचा प्रयत्न नको. मुलीला दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर डॉक्टर सोनोग्राफीत गर्भाशय आहे ना हे बघतात, कधी गुणसूत्रांची तपासणी सांगतात. बाहेरून मुलगी दिसणाऱ्या पण गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे मुलग्यांसारखी असलेल्या काही थोड्या बाळांत ती गाठ अंडाशय नसून वृषण असते, आणि हे लक्षात येण्याची पहिली संधी म्हणजे हा हर्नियाच. हे ऐकून घाबरायला होतं, पण तपासणी सांगितली म्हणजे तसं आहेच असं नव्हे. बहुतेक मुलींत काही निघत नाही.

चौथी पायरी: डॉक्टरांकडे

जांघेचा हर्निया असेल तर बालशल्यचिकित्सक गाठा. निदान हातानेच होतं. गोळा दिसला, जांघेच्या वाटेने खाली गेला, दाबल्यावर आत गेला, की झालं. दिसला नाही तर ते बाळाच्या पोटावर हलका दाब देतात किंवा त्याला रडू देतात. तरीही नाहीच, तर बोटाखाली शुक्रवाहिनीची (वृषणातून शुक्राणू नेणाऱ्या नळीची) दोरी जाड लागते का, रेशमाचे दोन पदर एकमेकांवर घासल्यासारखं वाटतं का, हे पाहतात. नवशिक्या डॉक्टरांना हे रेशीम पहिल्या पन्नास बाळांत लागत नाही, आणि त्यांनी ते लागल्याचा आव आणू नये. चांगली हकीकत आणि आई-बाबांचा फोटो त्या रेशमापेक्षा जास्त खात्रीचा.

सोनोग्राफी प्रत्येकाला लागत नाही. मुलीची गाठ, हायड्रोसील की हर्निया हा संशय, न लागणारं वृषण, अशा वेळी ती मदत करते. उलट गोळा स्पष्ट दिसलेला असताना सोनोग्राफीत "हर्निया आढळला नाही" आलं म्हणून ऑपरेशन रद्द करायचं नाही. तपासणीच्या त्या पाच मिनिटांत तो आत होता, एवढाच त्याचा अर्थ.

पाचवी पायरी: ऑपरेशन केव्हा?

पूर्ण दिवसांच्या बाळाचा जांघेचा हर्निया निदान झाल्यावर लवकरात लवकर दुरुस्त करावा. अडकण्याचा धोका पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, पहिल्या काही महिन्यांत तर फारच. कॅनडातल्या एका अभ्यासात लहान बाळांत १४ दिवसांहून जास्त वाट बघितल्यावर अडकण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालेलं दिसलं. म्हणून तारीख मागताना "पुढच्या सुट्टीत करू" असं म्हणू नका. शाळेच्या वयाच्या, निरोगी, गोळा सहज आत जाणाऱ्या मुलाला काही आठवडे मिळू शकतात. चार महिन्यांच्या बाळाला नाहीत.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचं गणित वेगळं. त्यांच्यात हर्निया खूप जास्त आढळतो, आणि भुलीनंतर श्वास मधेच थांबण्याचा धोकाही जास्त. २०२४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ३९ रुग्णालयांचा अभ्यास आला. त्यात काही बाळांचं ऑपरेशन घरी सोडण्याआधी केलं आणि काहींचं ५५ आठवड्यांनंतर. गंभीर त्रास लवकरच्या गटात २८ टक्के बाळांना झाला, उशिराच्या गटात १८ टक्के. म्हणजे या बाळांत थोडं थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं, पण घर इस्पितळापासून किती दूर आहे आणि आई-बाबांना धोक्याची लक्षणं ओळखता येतात का, हे बघूनच. हे आठवडे आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजतात. बाळ ३० आठवड्यांचं जन्मलं आणि आज १२ आठवड्यांचं असेल तर ते ४२ आठवड्यांचं.

बेंबीच्या हर्नियाला मात्र चार-पाच वर्षांपर्यंत वेळ द्या. बहुतेक तोवर मिटतात. इथे फुगवटा किती उंच आहे ते बघू नका, सोंडेसारखी लांब बेंबीसुद्धा छोट्या छिद्रातून येते. बाळ शांत असताना बोटाच्या टोकाला लागणारं कडं किती रुंद आहे ते महत्त्वाचं. दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा मोठं कडं मिटण्याची शक्यता कमी, आणि वय वाढूनही ते आवळत नसेल तर ऑपरेशन. एकदा अडकला असेल किंवा दुखत असेल तर वय न बघता. बेंबीलगतचा आणि वरच्या पोटाचा हर्निया सवडीने पण करावाच लागतो, कारण त्यांना मिटायची सवय नाही. अगदी तान्ह्या बाळातली, न दुखणारी बारीक गाठ काही काळ नुसती पाहिली तरी चालते.

बेंबीवर नाणं ठेवून चिकटपट्टी लावणं किंवा पट्टा बांधणं जगभर चालत आलंय. छिद्र त्याने लवकर मिटतं याला आधार नाही. खालची नाजूक कातडी मात्र सोलवटते, ओली राहते, जंतुसंसर्ग होतो. जांघेला पट्टा बांधणं तर धोक्याचंच. आणि बेंबीतून पाणी, पू किंवा शीसारखं काही येत असेल तर तो हर्नियाचा प्रश्न नाही. ते वेगळं दाखवा.

सहावी पायरी: ऑपरेशनचा दिवस

मुलांच्या जांघेतल्या ऑपरेशनात जाळी बसवत नाहीत. स्नायू चांगलेच असतात आणि मूल वाढणार असतं. न मिटलेली नळी शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्यांपासून अलगद सोडवून वरच्या टोकाला बांधायची, एवढंच काम. सांगायला एक वाक्य, पण बाळाची शुक्रवाहिनी जाड दोऱ्याएवढी असते, म्हणून अनुभवी हात शोधायचा. जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन किंवा दुर्बिणीतून, दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. दुर्बिणीतून दुसरी बाजू आतून बघता येते हा तिचा फायदा. माझं मत विचाराल तर पद्धतीपेक्षा सर्जनने ती किती वेळा केलीय हे विचारा. वृषण उतरलेलं नसेल तर ते खाली आणण्याचं कामही बहुधा त्याच वेळी उरकतात.

बेंबीला खालच्या घडीत चंद्रकोरीसारखा छेद घेऊन छिद्र शिवतात. वरच्या पोटाच्या गाठीसाठी एक बारीक पण महत्त्वाची सूचना: मूल जागं आणि उभं असताना गाठीवर शाईने खूण करून घ्या. भूल दिल्यावर ती दिसेनाशी होते आणि सर्जन शोधत बसतात.

हर्नियाच्या पिशवीत काय सापडेल याचा नेम नसतो. १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अमियांड या सर्जनला ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियात टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स मिळालं. त्याने ते काढलं आणि मुलगा वाचला. यशस्वी झालेलं, नोंद असलेलं ते अपेंडिक्सचं पहिलं ऑपरेशन. ते भुलीशिवाय झालं, कारण भूल यायला अजून शंभरेक वर्षं होती.

भुलीचीच भीती आई-बाबांना ऑपरेशनपेक्षा जास्त असते. "मेंदूवर परिणाम होईल का?" हा प्रश्न मोठ्या अभ्यासात हर्नियाच्याच बाळांवर तपासला गेलाय. ७ देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ बाळांचे दोन गट केले: काहींना पूर्ण भूल, काहींना फक्त कमरेखाली बधिरता. तासाभराच्या आतल्या भुलीने दोन वर्षांच्या आणि नंतर पाच वर्षांच्या वयात बुद्धीच्या वाढीत फरक दिसला नाही. अभ्यासाचं नाव 'गॅस', निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ आणि २०१९ मध्ये छापले. ऑपरेशन पुढे ढकलायला हे कारण देऊ नका.

उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. ढोबळमानाने घट्ट अन्न ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी एक-दोन तास आधीपर्यंत चालतं. जास्त उपाशी ठेवलं तर जास्त चांगलं, असं नाही. बाळ कोरडं पडतं. सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर न लपवता सांगा. मुदतीआधी जन्मलेलं बाळ (शेवटच्या पाळीपासून मोजून) साधारण ६० आठवड्यांच्या आतलं असेल तर श्वासावर लक्ष ठेवायला रात्रभर ठेवून घेतात. बाकीची मुलं सहसा त्याच दिवशी घरी जातात.

घरी आल्यावर

पहिले एक-दोन दिवस पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, सांगितलेल्या वेळी द्या. दुखायची वाट बघू नका. ऍस्पिरिन नाही. बाळ पुरेसं शुद्धीवर आलं की दूध पाजता येतं. अंडकोष सुजलेला, निळसर दिसतो आणि "हर्निया परत आला" म्हणून फोन येतो. ती ऑपरेशनची सूज असते, काही आठवड्यांत उतरते. टाके बहुतेक आतले, विरघळणारे असतात. रांगणाऱ्या बाळाला अडवू नका, ते आपलं आपण ठरवतं. शाळकरी मुलाला काही दिवस घरी आणि धावाधाव, सायकल, कुस्ती यांना सर्जन सांगतील तितके आठवडे सुट्टी. ताप, जखमेतून पू, वाढती लाली, थांबत नसलेल्या उलट्या दिसल्या तर लगेच परत.

हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण १०० मुलांत एखाद-दुसरं, मुदतीआधीच्या आणि अडकलेल्या हर्नियाच्या बाळांत जास्त. नंतरच्या भेटीत सर्जन वृषण जागेवर आणि नीट आकाराचं आहे का ते बघतात, म्हणून जखम भरली तरी ती भेट चुकवू नका. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसऱ्या जांघेत गोळा दिसला, तर पहिलं ऑपरेशन फसलं असं समजू नका. ती दुसऱ्या बाजूची नळी आहे, तिचं दार वेगळं. पुन्हा फोटो काढा, बाजू लिहा आणि तारीख लवकरची घ्या.